बदलीचा आवाज

सकाळी साडेनऊला डबिंग डिरेक्टरचा फोन. "अकराला अंधेरीला पोहोच. सरांचा उंदीर तुला करायचाय."

सर म्हणजे माझे सीनियर. त्या कार्टूनमधल्या उंदराचा हिंदी आवाज आठ वर्षं त्यांचाच. आदल्या दिवशी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि दोन भाग संध्याकाळपर्यंत चॅनेलला द्यायचे होते.

अर्धा तास हेडफोन लावून त्यांचे जुने भाग ऐकले. बोलणं लवकर सापडलं: पट्टी वर, शब्द नाकातून, वाक्याचं शेपूट उडवायचं. अडलं ते हसण्यावर. नऊ टेक झाले तेव्हा काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "डायलॉग सरांचे वाटतात, हसणारा मात्र तूच आहेस."

चहाच्या ब्रेकमध्ये मला अमेरिकन कार्टूनचा आवाज-कलाकार डॉज बटलर आठवला. २४ जानेवारी १९६१ला लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर मेल ब्लँकच्या गाडीला भीषण अपघात झाला. बग्ज बनी, डॅफी डक हे त्याचेच आवाज. 'द फ्लिंटस्टोन्स' या कार्टून मालिकेतला बार्नीही. ब्लँक बेशुद्ध होता, पण मालिका थांबणं शक्य नव्हतं. मग योगी बेअरचा आवाज देणाऱ्या बटलरने काही भागांत बार्नी केला. पुढे ब्लँक प्लास्टरमध्ये आडवा असतानाच त्याच्यासमोर माइक लावून रेकॉर्डिंग झालं. बटलरसारख्या उस्तादाला बार्नीचं हसणं किती टेकमध्ये जमलं असेल?

धावणं, आपटणं, चावणं यांचे आवाज शेवटी ठेवले. घसा त्यातच फाटतो, म्हणून संवाद आधी उरकतात. ब्लँक बग्जसाठी खरं गाजर चावायचा आणि संवाद म्हणायला तोंड मोकळं हवं म्हणून थुंकून टाकायचा. मला गाजर कोण देणार? स्वतःचंच मनगट चावत उंदराचा बिस्किटाचा पुडा संपवला. हसण्याचा चौदावा टेक 'चालेल' म्हणून ठेवला. आमच्या धंद्यात 'चालेल' ऐकलं की पोटात गोळा येतो.

रात्री हॉस्पिटलात गेलो. सरांना बोलायची बंदी, उशाशी नातीची पाटी. रेकॉर्डिस्टने गुपचूप दिलेला तुकडा मोबाइलवर ऐकवला. डोळे मिटून त्यांनी तो दोनदा ऐकला आणि पाटीवर लिहिलं, "हसायच्या आधी श्वास घेतोस. उंदीर घेत नाही."

"मग कसं करायचं, सर?"

पाटी पुसून त्यांनी लिहिलं, "हवा संपली की हस."

तिथेच, कॉटशेजारी उभं राहून करून पाहिलं. पहिल्या झटक्यात जमलं! भाग तोवर चॅनेलला गेले होते.