जिन्याखालचं जातं

नागपूर, रविवार रात्र

मंगळवारी आई, लेक आणि मी लंडनहून परतलो. बॅगा अजून हॉलमध्येच पडल्यात. तरी आज सकाळी आधी आईच्या महाल भागातल्या घरी गेलो आणि जिन्याखालून जातं ओढून बाहेर काढलं. का काढलं, ते आजच लिहून ठेवते.

भावाकडे तीन आठवडे होतो. शेवटच्या रविवारी त्यानं सगळ्यांना विम्बल्डन कॉमन या माळरानावरची पवनचक्की दाखवायला नेलं. माझ्या लेकीनं पवनचक्क्या पाहिल्या होत्या त्या साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावरच्या, वीज करणाऱ्या. ही मात्र पिठाची. चार्ल्स मार्च नावाच्या सुतारानं 1817 साली बांधलेली. आकडा ऐकताच मला सीताबर्डीची लढाई आठवली. आमच्याकडे आप्पासाहेब भोसल्यांचं राज्य जात होतं त्याच वर्षी तिकडे एक सुतार गावासाठी गिरणी उभारत होता.

1864 मध्ये तिथलं दळण थांबलं. जमीनदार अर्ल स्पेन्सरला ते माळरान कुंपण घालून ताब्यात घ्यायचं होतं. लोकांनी विरोध केला, 1871 मध्ये कायदा झाला आणि माळरान सगळ्यांचं राहिलं. गिरणीत मग कुटुंबं राहायला आली. 1976 पासून तिथे संग्रहालय आहे. ते चालवणारे सगळे स्वयंसेवक, म्हणून उन्हाळ्यात मुख्यतः शनिवार-रविवारी उघडतं. दाराशी बसलेल्या बाईंपासून आत समजावून सांगणाऱ्या आजोबांपर्यंत सगळे आपली सुट्टी देऊन आलेले. हे कळल्यावर मी प्रत्येक पाटी थांबून वाचली.

त्या गिरणीचा मधला खांब पोकळ आहे. पाती वर फिरायची आणि त्यांची गती या पोकळीतल्या दांड्यातून खाली यंत्रांपर्यंत यायची. लेक नमुन्यापाशी वाकून वाकून तो दांडा शोधत होती. दगडांवरच्या खाचांबद्दलही आजोबांनी सांगितलं. पीठ त्या खाचांतून कडेकडे सरकतं, आणि खाचा झिजल्या की छिन्नीनं पुन्हा कोराव्या लागतात.

भाचीनं हे मराठीत सांगितलं तशी आई लगेच म्हणाली, "टाकी लावणं म्हणतात त्याला." तिच्या लहानपणी काटोलला टाकी लावणारे दारावर यायचे. टाकी लावलेल्या जात्याचं पहिलं दळण टाकून द्यायचे, कारण त्यात कच यायची.

पलीकडे मुलांना हातानं दळून बघायला एक छोटं जातं होतं. एका मुलानं तोंडाशी रास होईल इतके गहू ओतले होते आणि वरची तळी हलत नव्हती. आई थोडा वेळ बघत राहिली. मग पदर खोचून खालीच बसली. गुडघ्याच्या दुखण्यामुळे चार वर्षांत तिला जमिनीवर बसलेलं मी पाहिलं नव्हतं. तिनं जास्तीचे दाणे बाजूला काढले. "एवढं नको घालू बाप्पा, मूठभरच घाल," असं त्या मुलाला मराठीतच सांगितलं आणि खुंटा धरला. दोन-तीन फेरे अडखळले. मग दगडाचा आवाज एकसारखा झाला, उजवा हात फिरत राहिला आणि डावा चार-चार दाणे सोडत राहिला. तिचे ओठ हलत होते. ओवी होती का ते मला ऐकू आलं नाही, आणि विचारून तिला थांबवायचंही नव्हतं.

कडेनं पीठ उतरलं. आईनं चिमूट उचलून बोटांत चोळली. "रवाळ आहे. रोडग्यांना चालेल." आजोबांनीही चिमूट घेतली, तशीच चोळली आणि भाचीकडून समजून घेऊन 'मूठभरच' हे आपल्या वहीत लिहिलं. इतकं लक्ष देऊन आईला आम्ही कोणी कधी काही विचारलं नव्हतं. हे मला लागलं, अजून लागतंय.

कारण आईचं जिन्याखालचं जातं आम्ही मार्चमध्ये देऊन टाकणार होतो. घराची रंगरंगोटी होती, आणि एकाला बागेत शोभेला हवं होतं. आई तेव्हा काहीच बोलली नव्हती. तो न्यायला आला नाही, म्हणून राहिलं.

आज दोघांनी मिळून ते अंगणात आणलं. खुंटा वाळवीनं पोखरलाय. गल्लीतल्या सुतारानं बाभळीचा करून देतो म्हटलंय. खाचांवरून हात फिरवला तर बोट सरळ घसरतं, म्हणजे टाकी लावावीच लागणार. दोन ठिकाणी विचारलं, माणूस मिळाला नाही. उद्या काटोलच्या मामांना फोन करते.

लेकीनं आजीला विचारलं, पहिल्यांदा काय दळायचं? आई म्हणाली, "तुरी येऊ दे. डाळ भरडू."

तुरी यायला अजून सात महिने आहेत.