तुम्ही विचारलंत म्हणून: एसजीपीटी वाढलंय, लिव्हरसाठी काही आयुर्वेदिक सुरू करू का?

रिपोर्टात एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ८५ आलं, सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ निघालं, की पुढचा प्रश्न ठरलेला: भुईआवळा, कुटकी, गुळवेल यातलं काय घेऊ? उत्तर बहुतेकांना आवडत नाही. सुरू काही करू नका. आधी जे चालू आहे ते तपासा.

सकाळचा गुळवेलीचा काढा, गुडघ्यांसाठी हळदीची कॅप्सूल, वजनासाठी ग्रीन टीची गोळी ही लोकांच्या लेखी औषधं नसतातच, म्हणून डॉक्टरांना सांगायची राहून जातात. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली. आयुष मंत्रालयाने वनस्पती नीट ओळखली गेली होती का, असा आक्षेप घेतला. तो रास्तच, पण तुमच्या कुंपणावरच्या वेलीलाही तो लागू होतो. गुळवेल प्रतिकारशक्तीला डिवचते. ऑटोइम्यून आजार असेल, म्हणजे प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या शरीरावर हल्ला करत असेल (थायरॉईडचे काही आजार असेच), तर तीच शक्ती यकृतावर उलटू शकते.

फोडणीतल्या हळदीची भीती नको. कॅप्सूलमध्ये मात्र हळदीतल्या कर्क्युमिन या द्रव्याचा अर्क असतो आणि तो रक्तात जास्त उतरावा म्हणून मिरीतलं पायपरिन घातलेलं असतं. ग्रीन टीचंही तसंच: कपभर चहा निराळा, आणि गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य द्रव्य) पोटात जाणं निराळं. तेवढ्या मात्रेत एसजीपीटी चढल्याचं आढळलं आहे.

मग गुण येतो तो कसा? हिपॅटायटिस ए किंवा ई ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि त्या काळात जे पोटात गेलं असेल त्याला श्रेय मिळतं. गळ्यात काविळीची माळ घातली तरी मिळतं! सिलिमरिन, म्हणजे मिल्क थिसलचा अर्क, हिपॅटायटिस सी च्या रुग्णांना २४ आठवडे देऊन पाहिला. २०१२ साली निकाल आला: बिनऔषधी गोळीपेक्षा सरस नाही.

आरोग्यवर्धिनी ही यकृतासाठीची आयुर्वेदिक गोळी अनेकजण परस्पर दुकानातून आणतात. तिच्यात कुटकी भरपूर असते, पण पारा, गंधक आणि ताम्रभस्मही असतं; वैद्यांनी मात्रा आणि मुदत ठरवल्याशिवाय ती घेण्यात अर्थ नाही. दारूमुळे यकृत बिघडलेल्या माणसाला रोहितकारिष्ट हे यकृतासाठीचं पातळ आयुर्वेदिक औषध देताना त्यात आंबवल्यामुळे तयार झालेलं अल्कोहोल असतं, हेही घरचे विसरतात. शिवाय बाटली उलटून मागचं लेबल वाचा. पुढे ‘लिव्हर डिटॉक्स’ आणि मागे बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ असेल, तर ते फूड सप्लिमेंट आहे.

आता तपासणीचं. एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी साठी), अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी साठी), साखर, लिपिड आणि प्लेटलेट करून घ्या. रक्त देण्याआधी आठवडाभर जड व्यायाम टाळा, स्नायूंमुळेही एसजीओटी (एसजीपीटीच्या जोडीचं एन्झाइम) वाढतं. मग फिब-४, म्हणजे यकृत कडक झालंय का याचा अंदाज देणारा आकडा, काढा: वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). वय ४५, एसजीओटी ५०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट अडीच लाख (सूत्रात २५०) असतील, तर २२५० भागिले २०००, म्हणजे १.१. १.३ च्या खाली असेल तर यकृत कडक झालं असण्याची शक्यता कमी.

फॅटी लिव्हरवर खात्रीचं एकच: ८० किलोच्या माणसाने ४ किलो उतरवले की चरबी घटते, ६ ते ८ किलोंनी सूजही. त्यात घाई नको. आठवड्याला अर्धा किलो पुरे.

तरीही एखादं सप्लिमेंट घ्यायचंच असेल, तर एका वेळी एकच घ्या, सुरू करण्याआधी एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करा, आणि चार आठवड्यांनी पुन्हा. एसजीपीटी नॉर्मलच्या तिपटीवर गेलं किंवा बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) चढलं, तर लगेच थांबवा. लघवी गडद, अंगाला खाज, डोळे पिवळे: त्याच दिवशी डॉक्टर. उरलेली बाटली फेकू नका, बरोबर न्या. आत काय होतं ते कदाचित तिच्यातूनच कळेल.