ढग पुढे गेल्यावर: सस्कॅचेवानच्या शेतांवरचं आभाळ टिपताना

कॅनडातल्या कॅलगरीहून पूर्वेला निघालं की तासाभरात रॉकी पर्वत आरशातून नाहीसे होतात. मेडिसिन हॅट मागे पडतं, सस्कॅचेवान प्रांताची हद्द लागते आणि डोळ्यांना अडवणारं काहीच उरत नाही. या प्रांतातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘जिवंत आभाळांची भूमी’ अशा अर्थाचे शब्द छापलेले असतात. जुलैतल्या एखाद्या दुपारी तिथे उभं राहिलं की ते शब्द अगदी खरे वाटतात.

मी आणि बायको गेली तीन वर्षं इथे फक्त ढगांसाठी येतोय. पहिली दोन वर्षं आम्ही वादळांच्या मागे गाडी पळवली. काळाकुट्ट ढग दिसला की त्याच्या रोखाने सुटायचं, असा प्रकार. फोटो मिळाले ते सगळे करड्या रंगाचे, पावसाच्या थेंबांनी भरलेले. यंदा एकच ठरवलं होतं: ढगाला पुढे जाऊ द्यायचं आणि त्याच्या पाठीमागे उभं राहायचं. या चार दिवसांत जे काही चांगलं हाती लागलं, ते एवढ्या एका गोष्टीमुळे.

आम्ही जुलैचा दुसरा आठवडा निवडला, कारण तेव्हा कनोला फुललेला असतो. कनोला म्हणजे आपल्या मोहरीचाच भाऊबंद. मैलच्या मैल पिवळाधमक, आणि त्यावर निळं-काळं आभाळ भरून आलं की रंगांसाठी वेगळं काही करावं लागत नाही. जवसही याच सुमारास फुलतो. मी विदर्भातला, लहानपणी जवसाची चटणी रोज खाल्लेला. पण जवसाचं अख्खं वावर निळं झालेलं मी पहिल्यांदा इथे पाहिलं. लांबून तळंच वाटतं. मात्र त्याची फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. निळं शेत हवं असेल तर सकाळी दहाच्या आत पोचा.

पहिला दिवस नुसत्या प्रवासाचा. कॅलगरी ते स्विफ्ट करंट साधारण ५१५ किलोमीटर आहे. मुक्काम तिथे करावा, कारण पुढच्या गावांत खोली मिळेलच असं नाही. सस्कॅचेवानमध्ये वर्षभर घड्याळ बदलत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात अल्बर्टाची, म्हणजे कॅलगरीच्या प्रांताची, आणि इथली वेळ एकच असते. जुलैच्या मध्यात सूर्य सव्वानऊच्या सुमाराला मावळतो आणि पहाटे पाचनंतर लगेच उगवतो. झोप दुपारी काढायची, हे आधीच मनाशी धरून चला.

दुसऱ्या दिवशी ४ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला कॅडिलॅक, तिथून १३ नंबरच्या रस्त्याने पूर्वेला पॉन्टेक्सच्या दिशेने. हा १३ नंबर मला मुख्य हायवेपेक्षा कितीतरी जास्त आवडतो. वाहनं तुरळक, आणि वाटेत ओस पडत चाललेली गावं. एखाद्या गावाबाहेर धान्याचं जुनं लाकडी एलिव्हेटर अजून उभं असतं. रेल्वेच्या डब्यांत गहू भरण्यासाठी बांधलेली ही उंच कोठारं एके काळी या मैदानावर हजारोंनी होती. आता बहुतेक पाडली गेली. जी उरलीत त्यांचे फोटो काढून ठेवणं मला स्वतःला गरजेचं वाटतं. पुढच्या खेपेला ते तिथे असेलच असं सांगता येत नाही.

इथले रस्ते समजून घ्या, कारण सगळं नियोजन त्यावर चालतं. एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीने ही जमीन एक मैल बाय एक मैल अशा चौकोनांत कापली, प्रत्येक चौकोन ६४० एकरांचा. साधारणपणे उत्तर-दक्षिण रस्ता दर मैलाला आणि पूर्व-पश्चिम रस्ता दर दोन मैलांना. म्हणजे वादळ पश्चिमेकडून येताना दिसलं की दक्षिणेला सरकायला वाट कायम हाताशी असते. वादळं बहुधा पूर्वेला किंवा ईशान्येला जातात. त्यांच्या पुढे पूर्वेला पळालात तर ती तुम्हाला गाठतात. चार-सहा मैल दक्षिणेला सरकून थांबलात तर ती शेजारून निघून जातात.

आता सूर्याचं. जुलैत इथे सूर्य पश्चिमेला मावळत नाही, बराच वायव्येला मावळतो. म्हणून सरळ रस्त्याच्या टोकाशी मावळणारा सूर्य उन्हाळ्यात मिळत नाही. तो २० मार्चच्या किंवा २२ सप्टेंबरच्या आसपास येऊन घ्यावा. उलट, वादळ निघून गेल्यावर सूर्याचा शेवटचा उजेड ज्या ढगावर पडतो तो आग्नेयेला असतो. म्हणजे एलिव्हेटर असो, पडकं घर असो की कनोलाचं शेत, तुम्ही त्याच्या वायव्येला उभं राहायचं. आम्ही दुपारी कोरड्या आभाळाखाली अशा पाच जागा शोधून नकाशात खुणा करून ठेवल्या. आभाळ भरून आल्यावर जागा शोधायला निघालेला माणूस काहीच टिपू शकत नाही.

त्या दिवशी चारच्या सुमाराला पश्चिमेला कापशी ढग उंच चढू लागले. साडेपाचपर्यंत त्यांच्या डोक्यावर ऐरणीसारखा सपाट माथा पसरला होता. हवा थबकली, कनोलाचा गोडसर, कोबीसारखा वास जड झाला. जुलैत इथली पिकं पानांतून इतकी वाफ सोडतात की दुपारच्या वादळांना तिचंही खाद्य मिळतं. फोनवरच्या हवामान-रडारवर वादळाचा पट्टा आमच्या रोखाने येताना दिसला तसे आम्ही सहा मैल दक्षिणेला सरकलो. सात वाजता उत्तरेकडून शेल्फ क्लाउड, म्हणजे वादळाच्या तोंडाशी असणारा फळीसारखा ढग गेला, नांगरटीच्या तासांसारखे थर असलेला, जमिनीला टेकल्यासारखा. मागोमाग वारा, धूळ आणि आडवा पाऊस. वळवाच्या पावसासारखाच, फक्त मोकळं मैदान असल्यामुळे त्याची सर कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते दोन्ही दिसतं.

आम्ही काचा बंद करून गाडीतच बसलो. पावणेनऊला पश्चिमेला उघडीप झाली. ढगाच्या कडेखालून ऊन आत आलं आणि समोरचं एलिव्हेटर, त्याची सोललेली लाल फळी न् फळी, पेटल्यासारखी झाली. मागे शिसवी काळं आभाळ. त्या ऐरणीच्या खालच्या अंगाला मॅमॅटस ढग लोंबत होते, गोलगोल पिशव्यांसारखे, आणि हळूहळू सोनेरीवरून गुलाबी होत गेले. इंद्रधनुष्य आलं ते दुहेरी. बायको कितीतरी वेळ नुसती बघत बसली होती. तिने कॅमेरा हातात घेतला तो कमान फिकट व्हायला लागल्यावर.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. गडगडाट ऐकू येत असेल तर गाडीबाहेर पडायचं नाही. या मैदानात सगळ्यात उंच वस्तू तुम्ही आणि तुमचा ट्रायपॉडच असता. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. यात चांगला उजेड हुकतो, मान्य आहे. म्हणून आम्ही दुपारीच गाडी अशी लावतो की खिडकी आग्नेयेला येईल. विजा जवळ असेपर्यंत काचा बंद. वादळ लांब गेलं की दोन किलो तांदळाची कापडी पिशवी खिडकीच्या कडेवर ठेवायची आणि तिच्यावर लेन्स. त्या संध्याकाळचे आमचे सगळे फोटो असे, बसल्या जागेवरून काढलेले आहेत.

काळं आभाळ आणि उन्हातलं पिवळं शेत एकत्र आलं की कॅमेऱ्याचं मीटर फसतं. काळोख जास्त म्हणून ते सगळंच उजळ करतं आणि कनोलाचा रंग जळून जातो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), उजेडाचा आलेख म्हणजे हिस्टोग्राम बघा आणि फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. क्षितिज फ्रेमच्या अगदी खालच्या पाचव्या हिश्शात ठेवायला कचरू नका, मात्र ते पाण्यासारखं सरळ हवं. इथे अर्ध्या अंशाचा तिरकेपणाही डोळ्यात खुपतो. वाइड लेन्स सगळेच नेतात. मला त्याहून दूरचं जवळ आणणारी ७०-२०० मिमी लेन्स जास्त उपयोगी पडली, कारण दूरचा ढग एलिव्हेटरच्या मागे डोंगराएवढा उभा करता येतो. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, इंद्रधनुष्याच्या वेळी जपून फिरवा, चुकीच्या कोनात कमान पुसली जाते. आणि घरी आल्यावर फोटो सुधारताना ढगांवर क्लॅरिटीची, म्हणजे कडा ठसठशीत करणारी पट्टी शेवटपर्यंत ओढू नका. मॅमॅटसचं सगळं सौंदर्य त्याच्या मऊपणात आहे.

तिसऱ्या दिवशी रिजायनाच्या नैऋत्येला एका मातीच्या रस्त्यावर आमची गाडी अडकली. इथल्या चिकणमातीला लोक ‘गंबो’ म्हणतात. सुकल्यावर भेगाळणारी, भिजल्यावर चाकाला चिकटून राहणारी, थेट आपल्या काळ्या रेगडीची बहीण. आदल्या रात्रीच्या पावसाने वरून सुकलेला दिसणारा रस्ता आत लोण्यासारखा होता. दोनशे फुटांत चाकं मातीने इतकी भरली की फिरेनात. तासाभराने पिकअपमधून एक वयस्क शेतकरी आले, दोर लावून गाडी काढली आणि पैशांचं नावही काढू दिलं नाही. कुठले, म्हणून विचारलं. भारत म्हटल्यावर शेजारच्या बुटक्या हिरव्या पिकाकडे बोट दाखवलं: मसूर. कॅनडातली बहुतेक मसूर याच प्रांतात पिकते आणि त्यातली पुष्कळ आपल्याकडे येते. त्यांनी एक शेंग उकलून तळहातावर धरली. आत दोनच दाणे, अजून कोवळे, नखाने दबणारे. नकाशात मातीचा म्हणून दाखवलेला रस्ता पावसानंतर दोन दिवस टाळा. त्या चौकोनी आखणीतले खडी टाकलेले रस्ते, म्हणजे ग्रिड रोडच घ्या.

शेतात पाय टाकायचा तर आधी विचारायचं. २०२२च्या जानेवारीपासून इथे खासगी जमिनीत जाण्याआधी मालकाची परवानगी कायद्यानेच लागते. शिवाय कनोलाला क्लबरूट नावाचा मुळांचा रोग होतो, आणि तो बुटांना नि टायरांना चिकटलेल्या मातीतून एका वावरातून दुसऱ्यात जातो. आपल्या एका फोटोपायी कुणाच्या पिकाला धोका नको. रस्त्याच्या कडेवरूनही सगळं मिळतं. गाडी शेताच्या तोंडाशी लावलीत तर ट्रॅक्टर निघेल एवढी वाट सोडा. समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करतो; तुम्हीही करा.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरून घ्या, पुढच्या गावात पंप असेलच असं नाही. फोनला मधे मधे रेंज नसते, म्हणून नकाशे आधी उतरवून ठेवा. डासांचं औषध, प्यायचं पाणी, लेन्स पुसायला चार-पाच सुती फडकी. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, वेग कमी ठेवा. गारांच्या बाबतीत धाडस अजिबात नको: जून २०२० आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलगरीत गारांनी घरांच्या भिंतींचं आवरण फाडलेलं आम्ही पाहिलं आहे. रडारवर पट्ट्याचा गाभा जांभळा दिसला की फोटो विसरून बाजूला व्हायचं.

चौथ्या दिवशी परतताना मूस जॉ आणि स्विफ्ट करंटच्या मध्ये चॅप्लिनला थांबलो. तिथलं खारं तळं हायवेला लागूनच आहे, काठ मिठासारखे पांढरे. वारा पडला होता. उथळ पाण्यात दुपारचे कापशी ढग उलटे दिसत होते आणि छोटे पाणपक्षी त्यांच्यातून चालत होते. तिथला खारा चिखल ट्रायपॉडच्या पायांवर वाळू देऊ नका, त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा. आम्ही अर्धा तास म्हणून थांबलो आणि अडीच तासांनी निघालो. पश्चिमेला, घराच्या दिशेने, नवी ऐरण चढायला लागली होती.