आततायी: ताणलेल्या धनुष्याचा शब्द

“असा आततायीपणा करू नकोस,” हे आपण तडकाफडकी नोकरी सोडायला निघालेल्या मुलालाही सहज म्हणतो. मराठीत या शब्दाचा अर्थ आता अविचारी, टोकाला जाणारा इतपत सौम्य झाला आहे. मुळात तो जीव घ्यायला निघालेल्या माणसाचा शब्द.

‘आतत’ म्हणजे ताणलेले. धनुष्य ताणून अंगावर येतो तो आततायी. बाण अजून सुटलेला नाही, पण दोरी कानापर्यंत ओढली आहे; नेमका तो क्षण या शब्दात आहे. वसिष्ठस्मृतीने पुढे सहा आततायी सांगितले: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उपसलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा. गीतेच्या पहिल्या अध्यायात (३६) अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो तेव्हा लाक्षागृह, भीमाला दिलेले विष, द्यूत आणि द्रौपदी, सगळे त्या एका शब्दात येते. तरीही यांना मारले तर पापच लागेल, असे तो म्हणतो, हे विसरू नये.

मनुस्मृतीतले ‘आततायिनमायान्तं हन्यादेवाविचारयन्’ (८.३५०; चालून येणाऱ्या आततायीला विचार न करता मारावेच) हे वचन सर्रास फेकले जाते आणि त्यातला ‘आयान्तम्’ गिळला जातो. चालून येत असलेला, असा त्याचा अर्थ. हल्ला करून पळालेल्याला नंतर गाठून मारायला हे वचन आधार देत नाही. भारतीय न्याय संहितेतली स्वसंरक्षणाची कलमेही (३४ ते ४४) हेच धरून आहेत: शरीराला धोका असल्याची धास्ती आहे तोवरच शरीर वाचवण्याचा हक्क.

बातमीत मात्र ‘आततायी’ नको, तिथे तो शिवीसारखा वाजतो. जखमी वाचला तर हल्लेखोर, दगावला तर मारेकरी. ‘मारेकरी घातले’ म्हटले की पाठवणारा कोणी वेगळा आहे, हेही कळते. नाव घेऊन लिहायचे असेल तर गुन्हा शाबित होईपर्यंत संशयित किंवा आरोपीच लिहावे. ही शब्दाची नव्हे, न्यायाची बाब आहे.

लिहिताना ‘हल्लाखोर’ चुकीचे. दरोडा-दरोडेखोर, नफा-नफेखोर, तसे हल्ला-हल्लेखोर. ‘आतताई’ही नको. मराठी प्रत्यय लागला की ‘यी’ दीर्घ राहते: आततायीपणा. संस्कृत समासात ती ऱ्हस्व होते: आततायिवध, जसे मंत्री-मंत्रिमंडळ.