काळ्या पाण्यावरची तिथी

आमच्या खापरपणजोबांना तिथी नव्हती. पितृपक्षात बाकीच्यांचं पान ज्याच्या त्याच्या तिथीला वाढलं जायचं, त्यांचं मात्र सर्वपित्री अमावस्येला. ‘सुप्याच्या दंग्यात सापडले आणि काळ्या पाण्यावर गेले,’ एवढंच आत्या सांगायची. मागे बायको आणि अंगावर पिणारं पोर. गेल्याचा सांगावा कधी आलाच नाही, म्हणून ती बाई मरेपर्यंत कुंकू लावत राहिली.

सुप्याचा दंगा १२ मे १८७५चा. कर्जाखाली पिचलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल करून रोखे जाळले आणि ते लोण पुणे-नगरच्या गावागावांत पसरलं. म्हणून मी मुंबईच्या पुराभिलेखागारात, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, न्यायखात्याचे १८७५चे खंड मागवले. पाच दिवस हाती काही लागलं नाही. गावाचं आणि माणसाचं नाव इंग्रज कारकुनाने कानाला येईल तसं लिहिलेलं, त्यामुळे एकेक नाव मोठ्याने वाचून पाहावं लागायचं. शेजारच्या टेबलावरच्या अभ्यासकाने सुचवलं, पुढची वर्षं बघा.

सापडले ते १८७७मध्ये. दंगा नव्हता तो. भर दुष्काळात सहाजणांनी मिळून सावकाराचं घर फोडलं, जोंधळ्याची पोती आणि एक हंडा नेला. दंडविधानाच्या ३९५ कलमाखाली दरोडा, शिक्षा जन्मठेप. पुढे वर्णन: वय अंदाजे तीस, अंगाने किरकोळ, उजव्या खांद्यावर भाजल्याचा डाग. आमच्याकडे त्यांचा फोटो नाही. त्यांच्या रूपाबद्दल आम्हाला ठाऊक असलेलं सगळं एवढंच. घरच्या गोष्टीतला बंडखोर गेला आणि त्याच्या जागी जोंधळे चोरणारा भुकेला माणूस आला. मला तो अधिक आपला वाटला. ज्या वर्षी माणसं रस्त्याकडेला मरत होती, त्या वर्षी त्याच्या घरात एक तान्हं होतं. ते तान्हं म्हणजे माझे पणजोबा.

त्यानंतरचा कागद एका ओळीचा. पोर्ट ब्लेअरहून कळवलं होतं की हा कैदी १८८४मध्ये वारला. खाली तारीख. म्हणजे सरकारदरबारी बातमी पोचली होती. तिथून आमचं गाव दीडशे मैलांच्या आत, पण तेवढं अंतर तिला कुणी चालवलं नाही. मी खंड मिटून बराच वेळ बसून राहिले.

गेल्या जानेवारीत अंदमानला गेले. आपल्याकडे काळं पाणी म्हटलं की सेल्युलर जेल. पण त्याचं बांधकामच १८९६मध्ये सुरू झालं, १९०६ला संपलं. खापरपणजोबा तोवर कधीच गेलेले. तरीही तिथे गेले. मधल्या मनोऱ्यात संगमरवरावर स्वातंत्र्यसैनिकांची नावं प्रांतवार कोरलेली आहेत. मुंबई प्रांताखालची सगळी वाचली, हात जोडले. आमचं नाव तिथे नाही, तसा आमचा हक्कही नाही. पण १० मार्च १८५८ला ‘सेमिरामिस’ जहाजातून पहिले दोनशे कैदी उतरले, तेव्हापासून जंगल तोडून, दलदल भरून ही वसाहत ज्यांनी उभी केली, त्यांत दरोडेखोर, खुनी, चोर असे हजारो होते. गळ्यात लाकडी बिल्ला, त्यावर नंबर. त्यांच्यासाठीही एक भिंत असावी असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी बोटीने रॉसवर, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर गेले. साहेबांचे बंगले, चर्च, बेकरी, सगळं मुळांनी गिळलेलं. मुळं विटांच्या भेगांत शिरून पुढे भिंतच उचलून धरतात. हरणं अगदी जवळ येतात. तिथून व्हायपर बेटावर. सेल्युलर जेल होण्याआधीचा तुरुंग इथला. टेकडीवर फाशीघराची लाल इमारत अजून उभी आहे. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अली या कैद्याला १८७२मध्ये याच बेटावर फाशी दिलं. आमच्या बोटीतले सगळे वर गेले. मी खालीच, पाण्याच्या कडेला थांबले. घरून आणलेले काळे तीळ ओंजळीत घेतले, समुद्राचं पाणी घेतलं आणि सोडलं. बाईने तर्पण करावं की नाही हा वाद मला त्या घटकेला आठवलासुद्धा नाही.

संध्याकाळी ॲबर्डीन बाजारातून आत्याला फोन केला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. जोंधळ्याचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प.

“तारीख आहे म्हणालीस ना गं?”

“आहे आत्या.”

“थांब, पेन घेते. गुरुजींना जुनं पंचांग काढायला सांगते. यंदा त्यांचं पान त्यांच्या तिथीला वाढू. आणि जोंधळ्याची भाकरी करू हं, दुसरं काही नको.”