शिकता शिकता काम शोधताना

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मी धाराशिव जिल्ह्यातून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात अर्थशास्त्राच्या एम. ए.साठी आले, तेव्हा वसतिगृहाच्या यादीत माझे नाव लागले नाही आणि खडकीजवळ कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरते भाडे देऊन, राहणे भाग पडले. भाडे आणि डबा मिळून महिन्याला साडेसहा हजार रुपये लागत. तीन एकर सोयाबीनवर घर चालवणाऱ्या वडिलांकडे त्यांतले निम्मेच मागण्याचा धीर मला होत होता. उरलेले निम्मे आपणच मिळवायचे, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवले.

घाईत सर्वांत सोपे वाटले ते काम मी धरले. घरबसल्या टंकलेखन करून देण्याचे काम होते आणि त्यासाठी दीड हजार रुपये अनामत मागितली गेली. दहा दिवस मी रात्री जागून पाने टंकित केली. त्यानंतर चुकांचे प्रमाण ठरल्यापेक्षा जास्त असल्याचे सांगून मजुरी नाकारण्यात आली, इतकेच नव्हे, तर करार मोडल्याबद्दल दंड भरण्याची धमकीही मिळाली. मी घाबरून ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. पुढे वर्गातील आणखी दोघींना हाच अनुभव आल्याचे कळले, तेव्हा आपण आधी बोललो असतो तर त्यांचे पैसे वाचले असते, याचे फार वाईट वाटले. मजुरी देणारा माणूस कामाआधी आपल्याकडूनच पैसे मागत असेल, तर त्या दारातून परत फिरावे.

त्यानंतर मी कागद घेऊन हिशेब मांडला. आमचे सत्र २२ श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) असते आणि एका श्रेयांकामागे १५ तास अध्यापन धरले जाते. म्हणजे ३३० तास, आणि पंधरा आठवड्यांत विभागले तर आठवड्याला २२ तास वर्गातच जातात. तेवढाच वेळ वाचनाला द्यायचा, तर ४४ तास झाले. यावर आठवड्याला अठरा तासांपेक्षा जास्त काम घेतले, तर ते वाचनातून किंवा झोपेतून कापले जाणार, हे त्या कागदावर स्पष्ट दिसत होते. तेव्हापासून कोणतेही काम पाहताना मी पैशांच्या आधी तास विचारू लागले. माझ्या वर्गातील काही मुले रात्री उशिरापर्यंत घरोघरी जेवण पोहोचवतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण पेट्रोल, गाडीची दुरुस्ती आणि सकाळी बुडणारे तास वजा केल्यावर हातात काय उरते, हे त्यांनी एकदा मांडून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

मला आधार मिळाला तो विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेचा. वर्गातील एका ताईंनी विद्यार्थी विकास मंडळाचा अर्ज आणून दिला आणि मला विभागातील ग्रंथ लावण्याचे व नोंदी करण्याचे काम मिळाले. या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आहे, याचा अर्थ मला काम करतानाच उमगला. पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून, म्हणजे रोज वेगळ्या ठरलेल्या घरी, जेवत. ती सोय दात्याच्या मर्जीवर चाले आणि सर्व जातींच्या मुलांना खुली नव्हती. भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, आणि तेथील मुले कोणाच्या दयेवर न राहता स्वतः राबून शिकू लागली. ते वसतिगृह चालावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेही दिले. अंगमेहनत करणाऱ्या विद्यार्थ्याला कमी लेखू नये, हा विचार त्यामागे होता, आणि नोंदवहीत तासांसमोर सही करताना मला तो जाणवत असे. मोबदला फार नसतो, हे खरे. परंतु काम विभागातच असल्यामुळे जाण्यायेण्यात वेळ जात नाही आणि परीक्षा आली की तास मागेपुढे करून मिळतात. बाहेरचा मालक सहसा ही सवलत देत नाही.

उरलेली तूट मी औंधमधील आठवीच्या दोन मुलांच्या शिकवणीतून भरून काढली. आठवड्यातून चार दिवस, दीड तास. पहिल्याच दिवशी त्यांच्या आईला माझ्या परीक्षांच्या तारखा सांगितल्या आणि त्या दिवसांत येणार नाही, हेही मोकळेपणाने सांगितले. त्यांनी ते सहज मान्य केले. मी मात्र ते विचारायला तीन दिवस कचरत होते.

चौथ्या सत्रात प्रबंधिकेचे (डिसर्टेशनचे) काम वाढल्यावर मी शिकवणी सोडली आणि विभागातील काम तेवढे ठेवले. ती मुले आता लातूरहून आलेल्या, पहिल्या वर्षातील एका मुलीकडे शिकतात. तिला त्यांच्या घरी घेऊन गेले, तेव्हा तिच्या परीक्षांच्या तारखांचा कागद तिने आधीच लिहून आणला होता.