१४ इंची डिस्क १४ इंचांची नसते

गाडीच्या चाकांच्या चार लोखंडी डिस्क (टायर ज्यावर चढवतात त्या) पुण्याहून नांदेडला पाठवल्या. वजन २९ किलो धरलं होतं, भाडं लागलं ४३ किलोचं. काट्यात खोट नव्हती, चूक मापात होती. त्यातली थोडी माझी आणि बाकीची ट्रान्सपोर्टच्या हिशेबाची. त्या फरकाचे पैसे भरेपर्यंत माल गोदामातून सुटला नाही.

वजनाचा अंदाज बांधणं सोपं आहे. छोट्या गाडीची १३ इंची डिस्क साधारण साडेपाच ते साडेसहा किलो भरते, १४ इंची साडेसहा ते साडेसात, १५ इंची आठ-नऊ. डिस्क समोर नसेल तर पत्र्यावरूनही वजन काढता येतं. १४ इंची डिस्कच्या कड्याचा पत्रा उलगडला तर अंदाजे ११३ सेंमी लांब, २१ सेंमी रुंद आणि सव्वादोन-अडीच मिमी जाड भरतो. लोखंडाचा एक घन सेंमी ७.८५ ग्रॅमचा, म्हणजे कडं ४.२ ते ४.७ किलोचं झालं. मधल्या ताटलीचे पावणेदोन-दोन किलो त्यात मिळवा. माझ्या डिस्क प्रत्यक्षात ६.८ किलोच्या होत्या, चारींचे मिळून २७.२. पॅकिंग दीड किलोचं. डिस्कवर कधीकधी किलोचा आकडा ठोकलेला असतो, पण ती भार पेलायची क्षमता असते. तिला डिस्कचं वजन समजू नका.

घोळ झाला तो इंचांत. डिस्कवर ५जे×१४ असा शिक्का होता: ५ इंच रुंदी, १४ इंच व्यास, जे म्हणजे कडेचा आकार. मी १४ इंच म्हणजे ३६ सेंमी आणि ५ इंच म्हणजे १३ सेंमी धरून ३६×३६×५२ असं माप लिहून दिलं. पण १४ इंच हे टायर जिथे बसतो त्या जागेचं माप असतं. त्याच्या बाहेर दोन्ही बाजूंना सुमारे साडेसतरा मिमी उंच कडेचा ओठ असतो, त्यामुळे बाहेरून डिस्क ३९ सेंमी भरते. रुंदीचे ५ इंचही दोन ओठांच्या आतले. बाहेरून ती १५ सेंमी होते. त्यावर खोका चढला, बांधायच्या पट्टीची गाठ वर आली आणि गोदामात माप निघालं ४२×४२×६५.

या मापाचं वजन कसं करतात ते बुकिंगच्या वेळी कुणीही सांगितलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. सेंटिमीटरमधली तिन्ही मापं गुणायची, २७००० ने भागून घनफूट काढायचे आणि दर घनफुटाला त्यांनी ठरवलेले किलो लावायचे. मला १० लावले होते. १,१४,६६० भागिले २७००० म्हणजे ४.२५ घनफूट, म्हणून ४३ किलो. खरा घनफूट २८,३१७ घन सेंमीचा असतो. त्यांनी फूट सरळ ३० सेंमीचा धरलेला. खऱ्या फुटाने ४१ किलो झाले असते, म्हणजे दोन किलो नुसते फुटाच्या मापातले. शिवाय गोल वस्तूला ते चौकोनी धरतात. गोलाच्या कोपऱ्यांतली मोकळी हवाही भाड्यात येते आणि आकारमान २७ टक्क्यांनी फुगतं. मी तासभर वाद घातला, काही उपयोग झाला नाही. बिल्टीच्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीच्या, मागे नियम छापलेला होता.

म्हणून बुकिंगच्या आधीच विचारा: कितीने भागता, आणि घनफुटाला किती किलो? एअर कुरियरवाले बहुधा ५००० ने भागतात. तिथे याच मालाचे २३ किलो येतात, म्हणजे दोन्हींत जास्त असलेलं खरं वजनच लागू होतं.

पुढच्या खेपेला खोका टाळला. डिस्कच्या मध्ये पुठ्ठ्याच्या चकत्या घातल्या, वरून प्लॅस्टिक फिल्म गुंडाळली आणि पट्टी ताणून गाठ मधल्या भोकात दाबली. ४०×४०×६२, म्हणजे ३७ किलो. ज्या डिस्कचा मधला भाग बाहेर फुगलेला असतो त्या सगळ्या एकाच दिशेने तोंड करून रचायच्या. फुगवटा वरच्या डिस्कच्या पोकळीत जातो आणि उंची वाढत नाही. ओठावर मात्र सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी हवीच. तिथे जागा वाचवू नका. गठ्ठा कडेवर आपटून ओठ वाकला की ट्यूबलेस टायरची हवा टिकत नाही.

टायर आधी पंक्चरवाल्याकडून उतरवून घ्या, हे आधीच सांगायला हवं होतं. १६५/८० आर१४ टायरसह चाक ६२ सेंमीचं होतं. चार चाकांचं खरं वजन ५६ किलोच्या आसपास, पण घनफुटाच्या हिशेबाने ९५ च्या वर जातं. टायरमधली हवा काढून टाकली तरी फारसा फरक पडत नाही.

काटा भंगारवाल्याचा किंवा किराणा दुकानातला घ्या. ट्रकचा वजनकाटा पाच-दहा किलोच्या टप्प्याने वाढतो, तो कामाचा नाही. घरच्या काट्यावर डिस्क ठेवली की आकडा झाकला जातो. चारही डिस्क दोन-दोन करून हातात घेऊन उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं. त्याआधी चिखल खरवडून कडेला लावलेली चाकाच्या बॅलन्सिंगची छोटी वजनं काढून टाका.

आता मी दोन-दोनचे दोन गठ्ठे करतो. प्रत्येक गठ्ठा वरच्या किलोला ओढला जातो, त्यामुळे एखादा किलो जास्त लागतो. पण चौदा किलोचा गठ्ठा हमाल उचलून ठेवतो, तीस किलोचा ढकलतो. मोजपट्टी गठ्ठ्यावर आडवी धरून मापाचा फोटो काढतो आणि तेच माप बिल्टीवर लिहून घेतो.